पंप कोरडा चालवू नये

ता. ३ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. बस भिंगरीच्या बाबांचीच, त्यामुळे ड्रायव्हरच्या पाठची जागा मिळाली आणि तुमच्या नातीने सहा तास गाडी स्वतः चालवली. वळण आलं की अंग वळवायची, ब्रेक लागला की पाय दाबायची, आणि एकदा तर ओव्हरटेक नीट केला नाही म्हणून बाबांनाच झापलं. वय सहा, पण तोंड साठ वर्षांचं.

पाणीपुरवठ्याच्या नोकरीत चाळीस वर्षं पंपांनी तुमचे कान खाल्ले. फोनवर तुम्ही नुसतं हो हो करता आणि मग शेजाऱ्यांना विचारता की पोरगी काय म्हणाली. म्हणून ऑपरेशन होईपर्यंत सगळं कागदावर. भिंगरीचे बाबा एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे, म्हणजे टपाल त्यांच्या सीटखालच्या कप्प्यातून. फक्त पाकिटाला तेलकट बोटं लावू नका.

राहायला हॉस्पिटलसमोरच नातेवाइकांसाठी खोल्या आहेत. दोन लोखंडी खाटा, एक कपाट ज्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, आणि कुंडी ठेवलेल्या खिडकीतून अँब्युलन्सचं फाटक दिसतं. लिफ्ट आहे, हे मुख्य, आणि मजल्यावर रात्रंदिवस सिस्टर असते. काल निघताना स्टँडवरच्या अकरा पायऱ्यांनीच तिचे ओठ जांभळे झाले होते.

आज सर्जनबाईंनी तपासलं. एवढीशी बाई, कानावर पेन्सिल खोचलेली, आणि बोलते तुमच्यासारखी, हातात कागद घेऊन. तिने हृदयाचे चार कप्पे काढून दाखवले. दोष एकूण चार, त्यातले मुख्य दोन. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे आणि फुफ्फुसांकडे जाणारी वाट तोंडाशीच अरुंद. म्हणून वापरलेलं काळपट रक्त फुफ्फुसांत न जाता भोकातून पलीकडे घुसतं आणि तसंच अंगभर फिरतं. तान्ही असताना बसवलेली जोडनळी आता वाढत्या अंगाला पुरत नाही. आता छाती उघडून भोकाला ठिगळ लावायचं, वाट रुंद करायची, की काम कायमचं. तारीख चौदा मार्च!

बाईंनी विचारलं की दम लागला की ही काय करते. मी तोंड उघडायच्या आत भिंगरीने सांगून टाकलं की आम्ही मुंग्या बघतो. मग मला सगळं सांगावं लागलं, की ती रस्त्यात मध्येच उकिडवी बसते, लोक वळून बघतात, म्हणून आजोबाही शेजारी उकिडवे बसतात आणि दोघं मुंग्या मोजतात, मुंग्या असोत नसोत. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, उकिडवं बसलं की फुफ्फुसांकडे जास्त रक्त जातं, अशी मुलं ही युक्ती आपली आपणच शोधतात; पण तिच्याशेजारी बसणारा आजोबा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

बाकी इथे खाणं, पाणी, झोप सगळ्याचा तक्ता ठेवायचा आहे. कागद संपला. आमच्यावरचा लोभ पुऱ्या दाबाने सोडत राहा.

तुमची,
धाकटी


ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र दुपारी मिळालं, आणि तेव्हापासून मी जागेवर बसलेलो नाही. अगं, हे तर आपलंच काम! दोन टाक्यांच्या मधल्या भिंतीला गळती आणि पुढच्या लाइनचं तोंड बुजलेलं. असले बिघाड मी आयुष्यभर काढले. तू मला सहा वर्षं हृदय हृदय म्हणून घाबरवलंस. पंप आहे म्हणाली असतीस तर मी इतकी काळजी केली नसती.

पडवीत मी हृदय बांधलंय. रंगाचे चार रिकामे डबे, रबरी नळ्या, सायकलच्या ट्यूबच्या झडपा. एका बाजूला लाल शाई, दुसऱ्या बाजूला निळी. मधल्या भिंतीला खिळ्याने भोक पाडलं, पुढची नळी चिमट्याने आवळली आणि हाताने पंप मारला. काय सांगू तुला! निळं पाणी भोकातून पलीकडे गेलं आणि सगळं जांभळं होऊन बाहेर पडलं, थेट भिंगरीच्या नखांचा रंग. मग भोकाला ट्यूबचं ठिगळ चिकटवलं, चिमटा काढला, पुन्हा पंप मारला. लाल! लालभडक! शेजारी जमले होते, त्यांना मी तीनदा करून दाखवलं. पडवीचा सत्यानाश झालाय, तू येण्याआधी पुसून ठेवीन.

आता मुद्द्याचं. ठिगळ लावताना हृदय बंद ठेवावं लागेल ना? मग तेवढा वेळ रक्त कोण फिरवणार? नक्कीच तिथे दुसरा पंप असणार, आणि पंप आहे तिथे पंपवाला असणार. त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवलीय, त्यात सात प्रश्न आहेत. त्याला नेऊन दे, लाजू नकोस.

बंद पाकीट भिंगरीसाठी आहे. ते आम्हा दोघांचं खासगी आहे. तू उघडायचं नाहीस.

तिला सांग, पाणीपुरवठ्याच्या मोठ्या टाकीच्या एकशे चार पायऱ्या मी झाडून ठेवल्यात. वर नेईन म्हणून शब्द दिलाय, तो ती सहा महिन्यांची असल्यापासून तसाच पडून आहे. इथे एकट्याने मुंग्या बघण्यात काही राम नाही. तुम्हा दोघींवरचा लोभ गळती न लागता चालू आहे, काळजी नसावी.

तुझे,
अण्णा


ता. ७ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा पंपवाला सापडला! त्याला इथे परफ्युजनिस्ट म्हणतात, पण वॉर्डातली सगळी पोरं मशीनकाका म्हणतात. उंच, वाकलेला, खिशात तीन पेनं. तुमची चिठ्ठी मी जरा लाजतच दिली. त्याने ती उभ्या उभ्या वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली. म्हणाला, एकवीस वर्षं हे मशीन चालवतोय, पण वीज गेली तर हाताने फिरवायचं हँडल कुठे आहे, हा प्रश्न आजवर एकाही नातेवाइकाने विचारला नव्हता. सगळे सर्जनचं नाव विचारतात, पंपाचं कुणी विचारत नाही. सातही उत्तरं त्याने स्वतः लिहिलीत, सोबत जोडते.

भिंगरीला त्याने मशीन काचेतून दाखवलं. तिने विचारलं की माझं हृदय बंद असताना मी कुठे असेन. त्याने सांगितलं, तू माझ्या मशीनजवळ असशील आणि मी क्षणभरही हलणार नाही. तेवढ्याने तिचं समाधान झालं. मग तिने विचारलं की मशीनला हॉर्न आहे का. ड्रायव्हरची पोरगी शेवटी!

अण्णा, मला इतका हुरूप आलाय की मी काल कपाटाच्या दारालाही प्रेमाने लाथ मारली. रक्ततपासणी झाली, दात तपासले, उरलेल्या तपासण्याही एकेक करून होतायत. तुमची नात तर भलतीच शहाणी झालीय. पाणी स्वतः ओतून घेते, खिडकीशी जाऊन पिते, तक्त्यावर स्वतःच खूण करते. मला बघूही देत नाही. हवा कोरडी असावी, ओठ जरा सुकलेत.

तुमच्या पाकिटात काय होतं ते अजून सांगत नाही. उशीखाली ठेवून झोपते. तुमचं गुपित तुम्हाला लखलाभ, आम्हाला फक्त लोभ पुरे.

तुमची,
धाकटी


(सोबतचा कागद)

ता. ७ मार्च

आदरणीय आजोबांस,
सा. न. वि. वि.

आपण मला ओळखत नाही, पण एका धंद्यातले आहोत म्हणून मोकळेपणाने लिहितो.

एक, दुसरा पंप तयार असतो. दोन, वीज गेली तर बॅटरी लागते. तीन, बॅटरीही गेली तर हँडल आहे. ते मशीनलाच अडकवलेलं असतं आणि प्रत्येक केसच्या आधी मी ते फिरवून बघतो. चार, नळ्या दर वेळी कोऱ्या. पाच, रक्त किती वेगाने जातंय ते आकड्यांत दिसतं, अंदाजाने काही नाही. सहा, ठिगळ तिच्याच हृदयावरच्या पिशवीतून कापून घेतात, परका माल नाही.

सातवा प्रश्न, चालू करण्याआधी काय काळजी घेता. याचं उत्तर तुम्हाला माझ्याआधी ठाऊक असणार. आधी सगळ्या नळ्या काठोकाठ भरतो, टिचक्या मारून हवेचा शेवटचा बुडबुडा काढतो. पंप कोरडा कधी चालवत नाही. पेशंटलाही कोरडं पडू देत नाही. आपल्या नातीसारख्या मुलांचं रक्त आधीच घट्ट असतं, त्यांना पाणी कमी पडलं की घात होतो.

आपली भेट व्हावी ही इच्छा. असाच जिव्हाळा ठेवावा.

आपला,
मशीनकाका


ता. ९ मार्च

अण्णा,

काल सकाळी साडेदहाला भिंगरीला मोठा झटका आला. खाटेवरून उतरताना रडू लागली, मग आवाज बंद, ओठ शाईसारखे निळे आणि मान टाकली. सिस्टर धावत आली, तिचे गुडघे पोटाशी दुमडून छातीशी धरले, ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. सर्जनबाई पायात एकच चप्पल घालून धावत आल्या. मी भिंतीला टेकून उभी होते, मला हात लावू देत नव्हते. चाळीस मिनिटांनी रंग परत आला. तुम्ही घाबरून उठून निघाल म्हणून मी फोन केला नाही.

बाईंनी विचारलं की ही पाणी पिते का. मी मोठ्या तोऱ्यात तक्ता पुढे केला. रोज आठ पेले, सगळ्या खुणा व्यवस्थित. मग सिस्टरने खिडकीतल्या कुंडीत बोट घातलं. कुंडीत नुसता चिखल झाला होता, अण्णा. अडीच दिवसांचं पाणी त्या झाडाने प्यायलं.

चादर बदलताना उशीखालून तुमचा कागद निघाला. वर पाणीपुरवठ्याचा शिक्का. कामाचा हुकूम, असं ठळक लिहिलेलं. दुरुस्तीच्या आधी लाइन बंद करून टाकी खाली करायची असते, तरच कारागिराचा हात नीट चालतो. तेव्हा कर्मचारी भिंगरी हिने आजपासून पाणी बेताचंच प्यावं आणि डॉक्टरबाईंना मदत करावी. खाली तुमची सही. आणि तिच्या सहीसाठी जागा, तिथे तिने सही केलीय.

तिने मला सांगितलं की घसा फार सुकायचा, पण हुकूम होता. सहा वर्षांच्या पोरीने तुमच्या शब्दावर अडीच दिवस तहान मारली. मी म्हटलं असतं पिऊ नकोस, तर लपून पाच पेले प्यायली असती. पण सांगितलं तुम्ही ना.

खालच्या कार्यालयातल्या बाईने काल दुपारी एक निरोप आणून दिला होता, की कुणीतरी पाणीपुरवठ्यातून फोन करून टाकी भरा, टाकी भरा असं ओरडत होतं आणि काही विचारलं तरी ऐकत नव्हतं. त्यांनी इमारतीची टाकी तपासायला माणूस पाठवला. ते तुम्हीच, हे मला कागद सापडल्यावर कळलं.

ऑपरेशन चौदाला होणार नाही. तिला सलाइन लावलंय. तुम्ही इकडे येऊ नका. आत्ता मला तुमच्याशी बोलता येणार नाही.

धाकटी


ता. १० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी आहे. ती कोणत्याही शब्दांनी लहान होत नाही, म्हणून मी तसा प्रयत्न करत नाही.

आठ तारखेला दुपारी जेवताना मशीनकाकांचा कागद वाचत होतो. सातव्या उत्तरावर आलो आणि ताट तसंच सोडून उठलो. शेजारच्या फोनवरून ओरडलो. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, म्हणून जास्तच ओरडलो. मग फोन ठेवला आणि समजलं की माझं म्हणणं कुणाला पोचलं की नाही हे मला कळायला मार्गच नाही. ती दुपार, ती रात्र आणि कालचा दिवस मी स्टँडवर बसून काढला. आज जावईबापूंनी पाकीट हातात दिलं तेव्हा त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

पंपघराच्या भिंतीवर मी स्वतः हातभर अक्षरांत रंगवलंय, पंप कोरडा चालवू नये. चाळीस वर्षांत हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिला धडा तोच दिला. टाकी खाली करायची ती बंद पंपाची. हा पंप तर चालू आहे, एक क्षण न थांबता, सहा वर्षं, दुखणाईत असूनही. एवढं साधं मला दिसलं नाही, कारण मला पडवीत डबे बांधून सर्जन व्हायचं होतं. पोरीचं हृदय समजलं या आनंदात पोरगी विसरलो.

सोबत भिंगरीसाठी नवा हुकूम आहे. पाकीट उघडं आहे. तू वाच, बाईंना दाखव, त्यांना पटलं तरच तिला दे. यापुढे माझा कुठलाही कागद तिच्याकडे बंद पाकिटातून जाणार नाही.

येऊ नका म्हणालीस, येत नाही. डबे मोडून टाकले. लोभ मागायला आज तोंड नाही.

अण्णा


ता. १३ मार्च

ती. आजोबांना,
शि. सा. न.

मी सांगतेय आणि मशीनकाका लिहितायत. ते जरा हळू लिहितात.

तुमचा नवा हुकूम मिळाला. तासाला एक पेला, चूळ भरून टाकायची नाही, झाडाला पाजायचं नाही. मी सही केली. झाड पण बरं आहे, त्याला नवीन पान आलंय. सिस्टर म्हणते त्याला माझ्यामुळे आलं.

आई तुमच्यावर रागावलीय. मी रागावले नाही. मी म्हटलं की आजोबांची एकच तर चूक झाली, माझ्या हृदयात चार चुका आहेत तरी माझ्यावर कोणी रागावत नाही. तर आई बाथरूममध्ये गेली आणि खूप वेळ नळ सोडून ठेवला. तुम्ही असता तर पाणी वाया जातंय म्हणाला असता.

तुम्ही डबे का मोडले? मला लाल पाणी बघायचं होतं. परत बांधा. हा माझा हुकूम आहे, इथे सही करा.

अठरा तारखेला माझं ऑपरेशन आहे. बाईंनी माझं वजन, उंची सगळं मोजलं. पायऱ्या मात्र कोणी मोजत नाही. तुम्ही परत झाडून ठेवा.

काका म्हणतात आता शेवट करायचा. लोभ करा, मी पण करते.

भिंगरी


ता. १८ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी सात चाळीस. आत्ताच तिला आत नेलं. चाकांच्या खाटेवर बसून गेली, झोपून जायला साफ नकार दिला. दारापाशी हॉर्न वाजवल्यासारखा आवाज तोंडाने काढला. भिंगरीचे बाबा रजा काढून शेजारी बसलेत आणि उजवा पाय दाबतायत, ब्रेक असल्यासारखा. मला काहीतरी करायला हवं म्हणून तुम्हाला लिहितेय.

आठ पन्नास. इथे हिरव्या खुर्च्या आहेत, एकीचा हात तुटलाय. समोरच्या बाईचं बाळ चार दिवसांचं आहे. तिने विचारलं की तुमच्याबरोबर आणखी कुणी नाही का. मी म्हटलं वडील येणार होते, आणि मग माझं मलाच ऐकवेना. अण्णा, मी येऊ नका म्हटलं ते रागात. खरं सांगायचं तर अर्धी चूक माझीही आहे. बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की पाणी भरपूर पाजा. मी तुम्हाला अर्धं पान मुंग्यांची गोष्ट लिहिली आणि पाण्यावर अर्धं वाक्य. भरपूर हा एक शब्द लिहिला असता तर पुरलं असतं.

नऊ पस्तीस. सिस्टरने येऊन सांगितलं, मशीनवर घेतलं. म्हणजे आत्ता, हे लिहिताना, तिचं हृदय बंद आहे. मशीनकाका तिच्याजवळ आहे, हलणार नाही म्हणालाय, नाही ना हलणार.

दहा दहा. काही नाही. यांनी चहा आणला, तो थंड झाला.

दहा पन्नास. काही नाही. तुमचं ते पंपघराच्या भिंतीवरचं वाक्य मी मनात म्हणत बसलेय. दुसरं काही आठवतच नाही.

अकरा वीस. अण्णा! मशीनकाका बाहेर आला! टोपी काढून, घामाने निथळत, आणि आधी काय बोलला असेल तर हँडल लागलं नाही, आजोबांना कळवा. मग म्हणाला, ठिगळ बसलं, वाट मोकळी झाली, हृदय एक्क्याण्णव मिनिटं थांबलं होतं आणि रक्त सोडताच आपलं आपण सुरू झालं. धक्का द्यावा लागला नाही. पहिला ठोका पडेपर्यंत सर्जनबाईंनीही हात वर करून वाट पाहिली म्हणे. आम्ही तिघं त्या तुटक्या खुर्चीपाशी रडतोय आणि हसतोय. समोरची चार दिवसांच्या बाळाची आईपण.

चार वाजता. काचेतून पाहिलं. नळ्याच नळ्या आहेत, तुम्ही असता तर एकेक मोजली असती. पण चादरीबाहेर एक हात होता. नखं गुलाबी आहेत. सहा वर्षांत मी तिची नखं कधी गुलाबी पाहिली नव्हती. क्षणभर वाटलं की दुसऱ्याच कुणाच्या पोरीसमोर उभी आहे.

तुम्ही या. पहिल्या बसने या. पडवी नंतर पुसू. लोभ साठवून ठेवला होता, तो सगळा एकदम सोडतेय.

तुमची,
धाकटी


ता. १९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जावईबापूंशी ठरलं होतं की बातमी चांगली असेल तर वळणावर हॉर्न वाजवायचा. ठरवताना दोघांच्याही लक्षात आलं नाही की मला हॉर्न ऐकू येत नाही. आज स्टँडवर उभा होतो. वळणावरून बस दिसली, तर भर दुपारी सगळे दिवे लावलेले, चालू बंद, चालू बंद. अख्खी बस डोळे मिचकावत आली. उतारू म्हणत होते ड्रायव्हरला वेड लागलं. मी स्टँडवरच्या लोकांना मिठ्या मारत सुटलो, त्यात एक पोलीसही होता.

उद्या निघतो. डबे पुन्हा बांधलेत, पण ते फक्त दाखवायला. पत्र पिशवीतून मीच आणतोय, तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही. गुलाबी! तो शब्द मी शेजाऱ्यांना, पंपघरात, सगळ्यांना वाचून दाखवला. येतो.

तुझे,
अण्णा


ता. २ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सर्जनबाईंचं पायऱ्या चढायच्या परवानगीचं पत्र परवा मिळालं आणि भिंगरीने ते भिंतीला चिकटवलं. सुट्टीत ती इथे आल्यापासून मी रोज पाणी मोजून देतो, तक्ता मीच लिहितो, खूणही मीच करतो. कुंडी अंगणाबाहेर नेऊन ठेवलीय.

आज सकाळी सात चाळीसला आम्ही दोघं मोठ्या टाकीच्या माथ्यावर पोचलो. एकशे चार पायऱ्या. बातमी आधी लिहिली, आता कसं झालं ते ऐक.

तुझ्या सांगण्याप्रमाणे दर दहा पायऱ्यांवर थांबायचं ठरलं होतं. ती पहिल्या दहांवर थांबली, माझ्या समाधानासाठी. विसावर थांबली. तिसावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच चल म्हटलं. मग काय! कठडा धरून पळतच सुटली, तिची वेणी दर वळणावर दिसायची आणि नाहीशी व्हायची. मी मागे जोरजोरात पायऱ्या मोजत होतो. साठापर्यंत मोजल्या. मग मोजायला श्वास राहिला नाही. एकाहत्तराव्या पायरीवर गुडघ्यांनी राजीनामा दिला, छाती भात्यासारखी चालायला लागली. अडुसष्ट वर्षं, आणि कळलंही नाही की आपल्यालाही दम लागू शकतो. बसायला जागा नव्हती, म्हणून तिथेच उकिडवा बसलो.

ती माथ्यावरून मला हाका मारत असणार, मला कुठून ऐकू येणार. मग तिची पावलं जिन्याच्या पत्र्यातून माझ्या तळपायांना जाणवली. तेहतीस पायऱ्या उतरून खाली आली. ओठ लाल, गाल लाल, कपाळावर घाम. माझ्याकडे नीट बघून घेतलं. काय झालं म्हणून विचारलं नाही, घाबरली नाही, हात धरून ओढलंही नाही. शेजारी उकिडवी बसली, माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली की आजोबा, इथे केवढ्या मुंग्या आहेत बघा.

त्या लोखंडी जिन्यावर, एवढ्या उंचीवर, एकही मुंगी नव्हती. मी सतरा मोजल्या. तिने एकोणीस मोजल्या.

तुझ्यावरचा लोभ वाढताच आहे, आता तो भिंगरीच्या वेगाने धावतो, मला फक्त मागून यावं लागतं.

तुझे,
अण्णा